विश्लेषण : सहा तालुके, पंधरा सामने! मंगरूळपीरच्या मुलीला व्यावसायिक स्ट्रायकर व्हायचे असेल, तर वाट कुठे अडते?

भारताच्या महिला फुटबॉल संघाने ५ जुलै २०२५ रोजी थायलंडला त्यांच्याच मैदानावर, चिआंग माई येथे २-१ असे हरवले आणि २०२६ च्या ऑस्ट्रेलियातील आशियाई चषकात स्थान मिळवले. पात्रता फेरी खेळून या स्पर्धेत पोहोचण्याची भारतीय महिलांची ही पहिलीच वेळ. दोन्ही गोल संगीता बासफोरचे होते. त्याआधी याच पात्रता फेरीत भारताने मंगोलियाचा १३-० असा धुव्वा उडवला, त्यात ओडिशाच्या प्यारी झाझाचे पाच गोल होते.

मणिपूर, ओडिशा, झारखंड, पंजाब, तमिळनाडू या राज्यांतून अशा मुली पुढे येतात. मग मंगरूळपीर, मानोरा, कारंजा या भागातून का नाही? ‘आपल्याकडे फुटबॉलचे वेड नाही’ हे उत्तर सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. गोल करणाऱ्या खेळाडूची कारकीर्द कशी घडते, तिला पैसे किती मिळतात आणि वाशीमसारख्या जिल्ह्यात पहिलीच पायरी कुठे निखळलेली आहे, हे समजून घेऊ.

स्ट्रायकरचे काम काय? तिला सामनेच का लागतात?

स्ट्रायकर म्हणजे संघाची सर्वांत पुढे खेळणारी खेळाडू. तिचे काम एकच, गोल करणे. सामना ९० मिनिटांचा असला तरी तिच्या वाट्याला खऱ्या अर्थाने दोन-तीनच संधी येतात. पाठीशी बचावपटू, समोर गोलरक्षक आणि हातात जेमतेम एक सेकंद. चेंडू कुठे मारायचा हे तेवढ्यात ठरवावे लागते.

धावण्याचा वेग, नेमबाजी, दोन्ही पायांनी चेंडू मारणे हे सरावाने येते. दडपणाखाली निर्णय घेणे मात्र सामन्यातच शिकता येते. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, तसेच हे.

याचा अनुभव महाराष्ट्राच्या भूमीवरच आला. २० जानेवारी २०२२ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आशियाई चषकात भारत विरुद्ध इराण सामना झाला. भारताने संधी निर्माण केल्या, पण गोल झाला नाही. सामना ०-० असा सुटला. त्यानंतर संघात करोनाचा शिरकाव झाला, २३ जानेवारीचा चायनीज तैपेईविरुद्धचा सामना खेळण्याइतक्याही खेळाडू उरल्या नाहीत आणि यजमान भारत स्पर्धेबाहेर गेला. हाती राहिला तो एकच सामना आणि त्यात न झालेला गोल.

बाला देवी : सात सामन्यांत २६ गोल, पण सामने सातच!

भारतीय महिला फुटबॉलमध्ये स्ट्रायकर म्हटले की पहिले नाव येते मणिपूरच्या बाला देवीचे. जन्म २ फेब्रुवारी १९९०. किशोरवयातच ती राष्ट्रीय संघात आली. पुढे मणिपूर पोलीस दलात नोकरी लागली आणि त्या नोकरीच्या आधारावर तिचा खेळ टिकला.

देशातील महिलांची सर्वोच्च लीग, इंडियन विमेन्स लीग, २०१६-१७ च्या हंगामात सुरू झाली. २०१८-१९ च्या हंगामात बाला देवीने मणिपूर पोलीस संघाकडून सात सामन्यांत २६ गोल केले. हा आकडा थक्क करणारा आहे, पण त्यातला दुसरा आकडाही नीट पाहायला हवा. देशातील सर्वोत्तम स्ट्रायकर, देशातील सर्वोच्च लीग, संघ अंतिम फेरीपर्यंत पोहोचलेला आणि तरीही पूर्ण हंगामात सामने अवघे सात.

जानेवारी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबने तिला १८ महिन्यांसाठी करारबद्ध केले. युरोपात व्यावसायिक करार मिळवणारी ती पहिली भारतीय महिला फुटबॉलपटू ठरली. तेव्हा तिला तिशी गाठायला जेमतेम काही दिवस बाकी होते. अनेक स्ट्रायकर ज्या वयात कारकिर्दीचा उत्तरार्ध मोजू लागतात, त्या वयात तिची युरोपातील कारकीर्द सुरू झाली. करोनामुळे सामने थांबले. डिसेंबर २०२० मध्ये मदरवेलविरुद्ध तिने रेंजर्ससाठी पहिला गोल केला. नंतर गुडघ्याच्या दुखापतीने ती बराच काळ मैदानाबाहेर राहिली.

तरीही ती परतली. ऑक्टोबर २०२४ मध्ये काठमांडूतील सॅफ स्पर्धेत पाकिस्तानविरुद्ध गोल करून तिने आंतरराष्ट्रीय गोलांचे अर्धशतक पूर्ण केले. भारतीय महिलांमध्ये ही मजल मारणारी ती पहिलीच.

मनीषा कल्याणला ही संधी दहा वर्षे आधी कशी मिळाली?

मनीषा कल्याणचा जन्म नोव्हेंबर २००१ चा. पंजाबच्या होशियारपूर जिल्ह्यातील मुग्गोवाल हे तिचे गाव. नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्राझीलविरुद्ध मनाउस येथे भारत १-६ असा हरला, पण भारताचा तो एकमेव गोल मनीषाचा होता. ऑगस्ट २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलोन लेडीज क्लबकडून ती महिला चॅम्पियन्स लीगमध्ये उतरली. हा मान मिळवणारी ती पहिली भारतीय. वय २० वर्षे. पुढे ती ग्रीसच्या पीएओके क्लबकडून खेळली.

बाला देवी आणि मनीषा यांच्यातला हा दहा वर्षांचा फरक गुणवत्तेचा नाही. लीगची पहिली अंतिम फेरी जानेवारी-फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झाली, तेव्हा बाला देवी २६ वर्षांची होती आणि मनीषा १५ वर्षांची. एकीची उमेदीची वर्षे वर्षाकाठी एखाद्या राष्ट्रीय स्पर्धेवर गेली. दुसरीला योग्य वयात लीग मिळाली, सेतू एफसी आणि गोकुलम केरळसारखे क्लब मिळाले, परदेशी प्रशिक्षकांच्या नजरेत येण्याची सोय झाली. स्पर्धेचे वेळापत्रक खेळाडू घडवते, हे सांगायला यापेक्षा बोलके उदाहरण नाही.

पैसे किती मिळतात?

पालकांचा पहिला प्रश्न हाच असतो आणि तो रास्तही आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०२३ मध्ये ठरवले, की सर्वोच्च लीगमधील क्लबने किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला कमीत कमी ३ लाख २० हजार रुपये द्यावेत. महिन्याचा हिशेब केला तर साधारण २६-२७ हजार रुपये. आठ क्लब धरले, तर संपूर्ण देशात अशी हमी असलेल्या जागा होतात ८०. नावाजलेल्या खेळाडूंना याहून जास्त मिळते, पण हमी आहे ती एवढ्याचीच.

तुलनेसाठी क्रिकेट पाहू. २०२३ च्या पहिल्या विमेन्स प्रीमियर लीगच्या लिलावात सांगलीच्या स्मृती मानधनाला ३ कोटी ४० लाख रुपयांची बोली लागली. एका खेळातील सर्वांत मोठी बोली आणि दुसऱ्या खेळातील किमान वेतन यांची सरळ तुलना योग्य नाही, हे मान्य. तरीही शंभर पटींहून मोठी ही दरी मुलीला कोणत्या खेळात घालायचे, हे घराघरांत ठरवत असते.

म्हणूनच भारतात महिला फुटबॉलपटूची कारकीर्द सहसा तीन पायांवर उभी असते. क्लबचे मानधन, पोलीस किंवा अन्य सरकारी खात्यातील नोकरी आणि शिक्षण. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला क्रीडागुणांची सवलत आहे. पण त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र ठरावीक पातळीच्या अधिकृत स्पर्धेचेच हवे. म्हणजे इथेही गाडी पुन्हा सामन्यांपाशीच येऊन थांबते.

महाराष्ट्र नेमका कुठे आहे?

यजमानपदात महाराष्ट्र आघाडीवर आहे. २०२२ चा महिला आशियाई चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला. त्याच वर्षी १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत झाला. स्पेनने कोलंबियाला १-० असे हरवले. त्या विश्वचषकाच्या भारतीय संघात पुण्याची काजोल डिसोझा होती. भारताने अमेरिका (०-८), मोरोक्को (०-३) आणि ब्राझील (०-५) यांच्याविरुद्धचे तिन्ही सामने गमावले. तिन्ही सामन्यांत मिळून एकही गोल झाला नाही.

क्लबांच्या पातळीवर मुंबईचा केंकरे एफसी आणि कोल्हापूर सिटी एफसी हे संघ इंडियन विमेन्स लीगमध्ये खेळून गेले. पण ईस्ट बंगालने जिंकलेल्या २०२४-२५ च्या हंगामात आठ संघांत महाराष्ट्राचा एकही नव्हता.

राज्यांच्या वरिष्ठ महिला राष्ट्रीय स्पर्धेच्या करंडकाला आज राजमाता जिजाबाईंचे नाव आहे. जिजाऊंचे जन्मस्थान सिंदखेड राजा हे वाशीमला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यातले. ही स्पर्धा वीसहून अधिक वेळा जिंकली आहे मणिपूरने. नाव आपल्या मातीतले, करंडक ईशान्येकडे!

विदर्भात काहीच घडले नाही, असेही नाही. नागपुरात विजय बारसे यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या ‘स्लम सॉकर’ने वस्तीतील मुला-मुलींना मैदानावर आणले. या संस्थेला २०१६ मध्ये फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा २०२२ चा चित्रपट याच कामावर बेतलेला. वस्तीतल्या पोरांना चेंडू आणि नियमित सामने दिले, तर काय होते, हे विदर्भाने आधीच पाहिले आहे.

मंगरूळपीरमधून वर जाणारी वाट कशी आहे?

कागदावर वाट सरळ आहे. शाळेच्या संघातून तालुका किंवा जिल्हा स्पर्धा, तिथून अमरावती विभाग, मग राज्य, मग राष्ट्रीय. १७ वर्षांखालील मुलींसाठी सुब्रतो चषक याच क्रमाने पुढे जातो. दुसरी वाट संघटनेची. जिल्हा संघटनेकडून राज्याच्या ‘विफा’कडे, म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडे, नोंदणी, राज्य संघाची निवड चाचणी, क्लब आणि शेवटी लीग.

अडचण आहे ती स्पर्धेच्या पद्धतीत. शालेय स्पर्धा बहुतेक बाद पद्धतीने होतात. हरला तो घरी. समजा जिल्ह्यातून १६ शाळांचे संघ आले. बाद पद्धतीत एकूण सामने होतात १५. त्यातील आठ संघ एकच सामना खेळून परततात, चार संघ दोन सामने खेळतात, दोन संघ तीन आणि अंतिम फेरीतले दोन संघ चार. म्हणजे निम्म्या मुलींचे त्या स्पर्धेपुरते फुटबॉल एका दुपारीच आटोपते.

आता मंगरूळपीरच्या एखाद्या शाळेत खरोखर वेगवान, गोलची नजर असलेली मुलगी आहे असे समजू. तिचा संघ कच्चा असेल, तर पहिल्याच फेरीत बाहेर. तिला चेंडू मिळाला असेल चार वेळा. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, इथे तर शितही नीट पाहिले जात नाही. १२ ते १७ या वयातील पाच हंगाम असेच गेले, तर तिच्या खात्यावर पाच सामने जमा होतात. तेवढ्या शिदोरीवर ती निवड चाचणीत मणिपूर-ओडिशाच्याच काय, मुंबई-कोल्हापूरच्या मुलींसमोरही कशी टिकणार?

मग ‘सहा तालुके, पंधरा सामने’ म्हणजे काय?

वाशीम जिल्ह्यात तालुके सहा : वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, मानोरा आणि कारंजा. प्रत्येक तालुक्याचा मुलींचा एक संघ केला आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा सामना खेळला, तर एकूण सामने होतात १५. सोळा संघांच्या बाद स्पर्धेत होतात तेवढेच! फरक असा, की इथे प्रत्येक मुलीच्या संघाला पाच सामन्यांची हमी. एकदा आपल्या मैदानावर, एकदा दुसऱ्याच्या, अशी दुहेरी साखळी केली तर सामने ३० आणि प्रत्येक संघाला दहा. पाच हंगामांत ५० सामने. पाच आणि पन्नास यांतला फरक सांगायला प्रशिक्षकाची गरज नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, तालुक्याचा एकच संघ म्हणजे खेळणाऱ्या मुली कमी होतील. हा आक्षेप बरोबर आहे. त्यामुळे शालेय स्पर्धा बंद करू नये. उलट सोळा संघ असतील, तर चार-चारचे चार गट करावेत. गटसाखळीचे २४ सामने होतील आणि सर्वांत कच्च्या संघालाही तीन सामने मिळतील. तालुका लीग ही त्यावरची पायरी.

दुसरा आक्षेप खर्चाचा. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात सामना खेळून त्याच दिवशी घरी परतता येते. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे भाडे आहे. मोठे मैदान नसेल, तर लहान मुलींसाठी सात-सात जणींचे सामने लहान मैदानावर होऊ शकतात आणि त्यात प्रत्येकीला चेंडूही जास्त वेळा मिळतो. लागतात ते गोलखांब, चेंडू, एक पंच, प्रथमोपचार पेटी आणि आधी जाहीर केलेले वेळापत्रक. यातली सर्वांत स्वस्त गोष्ट वेळापत्रक आहे आणि नेमकी तीच सर्वांत दुर्मीळ आहे.

सरकारी चौकटही तयार आहे. ‘खेलो इंडिया’ अंतर्गत मुलींसाठी ‘अस्मिता’ लीग आहे. डिसेंबर २०२५ मध्ये लिओनेल मेस्सीच्या मुंबई भेटीत राज्य सरकारने ‘महादेवा’ उपक्रम पुढे आणला. त्यात १३ वर्षांखालील ३० मुली आणि ३० मुलांना पाच वर्षांची शिष्यवृत्ती आहे. उपक्रम स्वागतार्हच. पण ३० मुली निवडायच्या, तर त्या खेळताना दिसायला हव्यात. निवड चाचणी एका दिवसाची असते, लीग हंगामभर चालते. आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत असलेल्या वाशीमला अशा लीगसाठी पहिला हक्क मिळायला हवा.

पालकांनी आणि खेळाडूंनी काय लक्षात ठेवावे?

• नोंदणी : महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत नाव असेल, तरच क्लब बदलणे, अधिकृत सामने खेळणे शक्य होते. क्लबने नोंदणी केली का, हे विचारून घ्यावे.

• करार : मुदत किती, पैसे दरमहा की हंगामाच्या शेवटी, दुखापत झाली तर उपचार कोण करणार, हे लेखी हवे. पैसे भरून संघात जागा देतो म्हणणाऱ्यांपासून लांब राहावे.

• गुडघा : मुलींमध्ये गुडघ्यातील अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण मुलांपेक्षा कितीतरी जास्त आहे. उडी मारून नीट उतरणे, मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद, पुरेसा वॉर्मअप याची सवय १२-१३ व्या वर्षीच लावायला हवी.

• शिक्षण : शाळा सोडून अकादमी, हा सौदा करू नये. कारकीर्द तिशीच्या आसपास ओसरू लागते, पदवी राहते.

• मातृत्व : फिफाच्या २०२१ पासूनच्या नियमांनुसार व्यावसायिक खेळाडूला किमान १४ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळते. लग्न झाले की खेळ संपला, हे आता नियमाला धरून नाही.

यात धोके नाहीत का?

आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये फिफाने भारतीय महासंघाला निलंबित केले, तेव्हा गोकुलम केरळचा महिला संघ आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचला होता. तिथून तो न खेळताच परतला. काही दिवसांतच निलंबन उठले, पण त्या मुलींची स्पर्धा गेली ती गेलीच. मार्च २०२४ मध्ये लीगच्या दुसऱ्या श्रेणीसाठी गोव्यात आलेल्या खेळाडूंनी महासंघाच्याच एका पदाधिकाऱ्याविरुद्ध मारहाणीची तक्रार दिली आणि पोलिसांनी त्याला अटक केली.

म्हणून जिल्ह्यात लीग सुरू करताना संघासोबत महिला व्यवस्थापक, कपडे बदलण्यासाठी बंद खोली, स्वच्छतागृह, अंधार पडण्याआधी घरी पोहोचेल अशी सामन्याची वेळ आणि तक्रार कुणाकडे करायची याचा फलक, या गोष्टी पहिल्या दिवसापासून हव्यात. मुलगी मैदान सोडते तेव्हा कारण नेहमी खेळाचे नसते.

पुढे काय?

महिला विश्वचषकात सर्वाधिक १७ गोल करणारी ब्राझीलची मार्टा ही दोइस रियाचोस नावाच्या लहानशा, गरीब गावची. सुरुवातीला ती मुलांसोबत खेळली आणि किशोरवयातच घर सोडून रिओला गेली. तिची गोष्ट प्रेरणादायी आहे, पण दर मुलीने मार्टाइतके धाडस दाखवावे, अशी अपेक्षा धरणे म्हणजे व्यवस्थेने आपली जबाबदारी मुलीच्या अंगावर टाकणे.

समृद्धी महामार्ग मंगरूळपीर तालुक्यातून जातो. शेलूबाजारहून नागपूर आता काही तासांवर आहे, मुंबईही पूर्वीइतकी दूर नाही. रस्ता झाला, पण त्यावरून निवड चाचणीला जाणारी मुलगी आधी घरच्या मैदानावर घडली पाहिजे. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय, जिल्हा संघटना आणि सहा तालुक्यांतील शाळा यांनी एकत्र बसून एक पान भरेल एवढे वेळापत्रक काढले, तरी सुरुवात होईल. पुढच्या शैक्षणिक वर्षात त्या पानावर मंगरूळपीरच्या मुलींच्या नावासमोर किमान पाच तारखा असाव्यात, एवढी मागणी पालकांनी आजच करायला हरकत नाही.